वावर माझे, संमती कोणाची?

प्रश्न : सिंचन कालव्यासाठी आमचे चार एकर वावर घेणार असल्याची अधिसूचना निघाली. संमती कोणी विचारली नाही. घटनेत मालमत्तेचा हक्क नाही काय?
– एक शेतकरी, जि. यवतमाळ

उत्तर : आहे, पण खालच्या दर्जाचा. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून काढून कलम ३००अ मध्ये ठेवला. त्यामुळे कायद्याच्या आधाराविना जमीन घेता येत नसली, तरी तो कायदा सत्ताधारी बहुमतच करते, आणि माझ्या मते व्यक्तीच्या स्वातंत्र्याला खरी गळती तिथूनच लागली. २०१३ चा भूसंपादन कायदा खासगी कंपनीसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती मागतो, सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पासाठी मात्र मागत नाही. घेणारा हात सरकारी असला की मालकाची इच्छा गौण ठरते, हे कोणत्या न्यायाने?

तरीही प्राथमिक अधिसूचनेपासून ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत नोंदवा, एवढ्या क्षेत्राची गरजच काय हे तीत विचारा आणि पोच घ्या. मोबदला अपुरा वाटल्यास निवाडा (जिल्हाधिकाऱ्यांचा मोबदला ठरवणारा आदेश) मान्य नसल्याचे लिहून प्रकरण भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे पाठवण्याची मागणी मुदतीत करता येते. म्हणून न वाचता कोणत्याही संमतिपत्रावर सही करू नका.