पतसंस्थेचा रोजचा डंप पडतो आहे. बॅकअप सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दापोली तालुक्यातली पतसंस्था, तीन शाखा, मुख्य शाखेत एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती), डेटाबेस साडेपाच जीबीचा. डंप, म्हणजे डेटाबेसची एका फाइलमधली पूर्ण प्रत, रोज पडतो, पण त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर. संचालक मंडळाने बॅकअप सॉफ्टवेअरसाठी पैसे मंजूर केलेत, तर कोणतं घ्यायचं आणि बसवताना काय बघायचं.

मी चिपळूणचा, अशाच संस्थांचे सर्व्हर सांभाळतो. नाव सांगतो, पण आधी माझी एक फजिती ऐका.

एका संस्थेत मी स्वतः सगळं बसवून दिलं होतं. क्लार्क डे-एंड (दिवसाचे व्यवहार बंद) करायचा आणि डंपचं बटण दाबायचा, साधारण साडेसातला. नऊ वाजता बॅकअप सॉफ्टवेअर ती फाइल उचलून बाहेरच्या डिस्कवर ठेवायचं. दोन वर्षं कुणाची तक्रार नाही. मग मार्चअखेर आली. डे-एंड व्हायला साडेदहा वाजायला लागले. सॉफ्टवेअर मात्र नऊच्या ठोक्याला यायचं, पडलेली कालचीच फाइल बघायचं आणि हिरवी खूण करून जायचं. ३१ मार्चला सकाळी सर्व्हरची डिस्क उठलीच नाही. बाहेरच्या डिस्कवर २९ तारखेचा डंप. ३० चा डंप होता, पण त्याच मेलेल्या डिस्कवर! वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवशी दोन क्लार्क आदल्या दिवशीची व्हाउचरं पुन्हा भरत बसले. पिग्मीचं तर विचारूच नका. एजंटांच्या मशीनमधला डेटा संध्याकाळी उतरवला की ती मशीनं मोकळी होतात, त्यामुळे छापील याद्या शोधून एकेक रक्कम घातली. चूक सॉफ्टवेअरची नव्हती, माझी होती. डंप पाडणारा आणि डंप उचलणारा यांची गाठ मी घड्याळाच्या भरवशावर घातली होती.

म्हणून बसवताना पहिलं काम हे: दोन्ही कामं एकाच बॅच फाइलमध्ये (आज्ञांची यादी असलेली फाइल), एकापाठोपाठ. एक्स्प्रेसमध्ये ठरल्या वेळी कामं चालवणारा 'एसक्यूएल सर्व्हर एजंट' नसतो, तेव्हा विंडोजचा टास्क शेड्यूलर वापरा आणि डंप एसक्यूएलसीएमडीने (sqlcmd, एसक्यूएलला आज्ञा देणारा प्रोग्रॅम) पाडा. त्याला 'मायनस बी' (-b) हा पर्याय द्यायला विसरू नका. तो नसेल तर डंप फसला तरी बॅच फाइलला पत्ता लागत नाही, ती खुशाल पुढचं काम करते. डंप आधी तात्पुरत्या नावाने पाडा, पूर्ण झाला की नाव बदला, आणि उचलणाऱ्याने फक्त त्या बदललेल्या नावाचीच फाइल उचलायची. अर्धवट फाइल बाहेर जायचा प्रश्नच मिटतो. बॅकअपच्या आज्ञेत चेकसम (डेटा बिघडला का ते ताडणारी तपासणी) चालू ठेवा. चालू डेटाबेसच्या एमडीएफ-एलडीएफ (डेटाची आणि लॉगची) फाइली नुसत्या कॉपी करून 'बॅकअप झाला' म्हणणारे लोक अजून भेटतात. त्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा.

इथे एका ठिकाणी नवीन माणूस हमखास अडकतो. डंप लिहितो तो एसक्यूएल सर्व्हर, त्याच्या स्वतःच्या सर्व्हिस खात्यातून. तुम्ही लॉगिन करून जोडलेला नेटवर्कवरचा झेड ड्राइव्ह त्याला दिसतच नाही, आणि शेअर्ड फोल्डरवर त्या खात्याला हक्क नसेल तर 'एरर ५, ॲक्सेस इज डिनाइड' येतं. डंप आधी लोकल डिस्कवर पाडा, मग दुसरीकडे न्या. डोकं शांत राहतं.

आता संचालक मंडळाला विचारायचा खरा प्रश्न: किती वेळाचं काम पुन्हा भरायची तयारी आहे? एक दिवस चालत असेल तर रात्रीचा डंप पुरे. पण पिग्मी उतरवल्यानंतर आणि डे-एंडच्या आधी मशीन गेलं तर काय, हे त्यांना समजावून सांगा. त्या वेळेसाठी ट्रान्झॅक्शन लॉगचा, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीचा, बॅकअप लागतो. डेटाबेस 'फुल' रिकव्हरी मॉडेलवर (लॉग किती जपायचा याची सेटिंग) ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांनी लॉग उचलायचा. मग पाच वाजून दहा मिनिटांनी कुणी चुकीचं खातं पुसलं असेल तर पाच वाजून नऊ मिनिटांपर्यंतची स्थिती परत आणता येते. एक्स्प्रेसमध्येही हे होतं. मात्र मॉडेल 'फुल' आणि लॉगचा बॅकअप कुणीच घेत नाही, असं असेल तर एलडीएफ फुगत जाते आणि एक दिवस डिस्क भरते. तीन जीबीच्या डेटाबेसशेजारी चाळीस जीबीची लॉग फाइल मी पाहिली आहे. लॉग घ्यायचा नसेल तर मॉडेल सरळ 'सिंपल' करा.

विकत घेतलेलं सॉफ्टवेअर बसवताना जुनं शेड्यूल बंद केलं का, हे दोनदा तपासा. लॉगचा बॅकअप दोघे घेत असतील तर लॉगचे तुकडे वाटले जातात, काही याच्याकडे, काही त्याच्याकडे. परत उभारताना साखळी एकाकडेही पुरी नसते. लॉगचा मालक एकच हवा. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याचा माणूस मध्येच येऊन टेस्टिंगसाठी डंप घेऊन जात असेल तर त्याला 'कॉपी-ओन्ली' घ्यायला सांगा, नाहीतर डिफरेन्शियलचा (मागच्या पूर्ण डंपनंतरचे फक्त बदल घेणाऱ्या बॅकअपचा) पाया बदलतो.

प्रत कुठे ठेवायची, हे आपल्या किनाऱ्यावर वेगळं शिकवावं लागत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची डिस्क, दोन्ही एकाच चिखलातून निघाल्या. तुमच्याकडे ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आठवत असेलच. एक प्रत इमारतीबाहेर, आणि शक्यतो घाटावर. पण नेट तुमच्याकडे कसं चालतं तेही माहीत आहे. रस्त्याच्या कामात केबल तुटली की दोन दिवस सुट्टी. म्हणून बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये माझी पसंती रेस्टिकला (restic). फुकट आहे, फाइलचे तुकडे करून फक्त नवे तुकडे चढवतं, बाहेर जाण्याआधीच सगळं एन्क्रिप्ट करतं, नेट तुटलं तर पुन्हा चालवल्यावर चढलेले तुकडे परत चढवत नाही. यासाठी एक पथ्य: डंप आधी झिप करू नका, पासवर्डवाली रार (RAR) फाइल तर नकोच. झिप केलेल्या फाइलमध्ये थोडंसं बदललं की पुढचं सगळं नवं दिसतं आणि साडेपाच जीबीतली बचत गेली. एक्स्प्रेस तसाही डंप दाबून देत नाही, ते इथे पथ्यावरच पडतं. ०.१४ आवृत्तीपासून रेस्टिक स्वतःच कॉम्प्रेस करतं.

सात रोजचे, चार आठवड्याचे, बारा महिन्याचे डंप ठेवा आणि ३१ मार्चचा वेगळा टॅग लावून कायमचा. यूएसबी डिस्क जोडलेली ठेवू नका, रॅन्समवेअर आलं तर तीही जाते. आणि रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर डेटा गेला, त्याला मागचं दार नाही. कागदावर लिहून, पाकीट सील करून संस्थेच्या तिजोरीत.

फसलेला बॅकअप कुणाला कळणार, तेही ठरवा. प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबसारख्या कंपनीला ३१ जानेवारी २०१७ ला हेच भोवलं. डेटाबेस पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरच्या ९.६ आवृत्तीवर, डंप घेणारा त्याचा प्रोग्रॅम पीजी-डंप मात्र जुन्या ९.२ चा. डंप होतच नव्हता, तसं कळवणारे ईमेल वाटेत नाकारले जात होते, आणि चालू डेटाबेस चुकून पुसला गेल्यावर कळलं की डंपचा कप्पा रिकामा आहे. सुमारे सहा तास आधी एकाने घेतलेल्या स्नॅपशॉटवर (डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रतीवर) ते तरले. तुमच्याकडे एवढंच करा: सकाळी शाखा उघडली की मॅनेजरने बाहेरच्या प्रतीची तारीख आणि साइज रजिस्टरमध्ये लिहून सही करायची. नुसतं 'ओके' लिहायचं नाही.

तीन महिन्यांतून एकदा जुन्या पीसीवर ती बाहेरची प्रत उभी करा. एसक्यूएलची आवृत्ती तीच किंवा पुढची हवी, नवा डंप जुन्या आवृत्तीवर चढत नाही. वापरणाऱ्यांचे लॉगिन डंपमध्ये नाही, एसक्यूएलच्या 'मास्टर' नावाच्या डेटाबेसमध्ये असतात, ते वेगळे करावे लागतात. मग त्या दिवशीची तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाकींचा गोषवारा) काढून फाइलमधल्या छापील तेरजेशी ताडून बघा. मागच्या खेपेला आम्हाला साडेतीन तास लागले. डंप वीस मिनिटांत चढला. बाकीचा वेळ संस्थेच्या सॉफ्टवेअरची सेटअप सीडी शोधण्यात गेला, ती निघाली माजी मॅनेजरच्या घरी.