तहातली घडी

एका वाचकाचा प्रश्न असा: 'आशियातल्या बदलत्या सत्तासमतोलावरच्या लेखात व्हिएतनामच्या "बांबू कूटनीती"बद्दल वाचलं. डिप्लोमसीला मराठीत कूटनीती म्हणावं, राजनय म्हणावं की मुत्सद्देगिरी? यातला अस्सल मराठी शब्द कोणता?'

कूटनीती म्हणू नये. रोज पडद्याच्या तळाशी 'भारताची कूटनीती यशस्वी' अशी पट्टी सरकते आणि आपले परराष्ट्रमंत्री कुणाला तरी गंडवून आले की काय, असं वाटतं. हिंदीत हा शब्द रुळलाय, तिथे तो सुखाने नांदो. संस्कृतात आणि मराठी कानाला कूट म्हणजे खोटं, बनावट. खुद्द कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कूटरूप म्हणजे खोटं नाणं, कूटशासन म्हणजे राजाच्या नावाने केलेला बनावट हुकूम. (कूट आणि कौटिल्य ही एकाच घरची मंडळी, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी आधी ऱ्हस्व-दीर्घ पाहावं. कौटिल्य निघतं कुटिलपासून.)

राजनय निर्दोष आहे, पण पाठ्यपुस्तकाबाहेर फारसं पाऊल टाकत नाही. राजनैतिक हे विशेषण चांगलं, फक्त त्यात एक खड्डा आहे. मराठीत राजनैतिक संबंध म्हणजे वकिलातींमार्फत चालणारे संबंध, आणि हिंदीत राजनैतिक म्हणजे नुसतं राजकीय. हिंदी बातमी जशीच्या तशी उचलली की मराठीत 'राजनैतिक पक्षांची बैठक' भरते ती यामुळेच. जाता जाता वकिलात हा शब्द जपा. दूतावास कुणीही म्हणेल. वकील म्हणजे दरबारातला परराज्याचा प्रतिनिधी, ही आठवण मराठीने या एका शब्दात अजून टिकवलीय.

मुत्सद्दी मूळचा अरबी. मुतसद्दी म्हणजे एखाद्या कामाला सामोरा जाणारा, ते अंगावर घेणारा. उत्तरेत त्याची घसरण होत होत तो हिशेब लिहिणारा कारकून झाला. मुसद्दीलाल हे नाव तिथलंच. मराठीत त्याला बढती मिळाली आणि तो थेट राजकारण खेळायला बसला. या दोन टोकांच्या मधली पायरी सुरतेत सापडते. मुघल अमदानीत सुरत बंदराच्या मुख्य अधिकाऱ्याचा हुद्दाच मुत्सद्दी. 1615 साली इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो तिथे उतरला, तेव्हा बंदरावरच्या जकातवाल्यांना त्याची आणि त्याच्या माणसांची झडती हवी होती. मी व्यापारी नव्हे, राजाचा वकील आहे, झडती देणार नाही, म्हणून रो अडून बसला. परकीय वकिलाची झडती घ्यावी की नाही, हा वाद आजही विमानतळांवर अधूनमधून उपटतो. सुरतेत तो ज्याच्या कचेरीपुढे उभा राहिला तो हुद्द्याने मुत्सद्दी होता, आणि ज्याने तो घातला तो आजच्या अर्थाने.

पण हे सगळं बाजूला ठेवा. मला सांगायचंय ते वेगळंच.

डिप्लोमसी निघाली डिप्लोमापासून. डिप्लोमा हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ दुहेरी घडी घातलेला कागद. पदवीचं भेंडोळं आणि परराष्ट्र खातं एकाच घडीतून बाहेर पडलं. मधली पायरी तर याहून मौजेची. 17व्या शतकात जुनी दानपत्रं, सनदा, फर्मानं तपासून खरं कोणतं नि बनावट कोणतं हे ठरवण्याची विद्या युरोपात उभी राहिली. माबियों नावाच्या फ्रेंच साधूने 1681 साली तिचा पाया घातला आणि तिला डिप्लोमॅटिक्स हे नाव मिळालं ते याच डिप्लोमावरून. म्हणजे या शब्दाचं पूर्वायुष्य कूटशासनं पकडण्यात गेलं, आणि आपण त्याचा अनुवाद करतोय कूटनीती! चोर पकडणाऱ्या शिपायालाच चोर म्हणायचं झालं हे.

आता मराठीकडे या. दोन राज्यांमधल्या कराराला आपण काय म्हणतो? तह. पुरंदरचा तह 1665, सालबाईचा 1782, वसईचा 1802. लढाईत जिंकून तहात हरणं हा वाक्प्रचार तर सर्वांच्या तोंडी. आणि फारसीत तह म्हणजे काय? घडी, थर, तळ. तळघर ते तहखाना. हिंदीत कपडे तह करतात, म्हणजे घडी घालतात. युरोपने ग्रीक घडीवरून राजकारणाला नाव दिलं, आणि माझं मत असं की मराठ्यांनीही तेच केलं, एकमेकांना न विचारता.

यावर एक जाणकार गृहस्थ मला दर भेटीत अडवतात. त्यांच्या मते तह हा अरबी तआहुदचा, म्हणजे परस्पर वचनाचा, झिजून उरलेला तुकडा. मग शेवटचा द कुठे गेला? अहदनामा, म्हणजे करारपत्र, या शब्दात मराठीने तोच द जसाच्या तसा सांभाळला, मग इथेच तो का गिळावा? त्यांचा दुसरा आक्षेप, घडीतून करार हा अर्थ निघेलच कसा? अहो, रोज निघतो! हिंदीतलं 'तय करना' घ्या. हा तय म्हणजे अरबी तय्य, आणि त्याचा अर्थ घडी घालणं, गुंडाळणं. घडी घातली की गोष्ट ठरली. आणि परक्या भाषांची साक्ष नको असेल तर घरची देतो. छत्री मिटते, पुस्तक मिटतं, पाकळ्या मिटतात, आणि भांडणही मिटतं. उघडं पसरलेलं आवरून बंद केलं की वाद संपला, हे मराठी माणसाला कुणी फारसी शिकवून सांगावं लागत नाही. एवढ्यावर त्यांनी विषय बदलला.

इथे एक सावधानता. तहकूबमध्ये तह शोधू नका. तो अरबी तवक्कुफ, म्हणजे थांबणं. 'अहद तंजावर, तहद पेशावर' यातलं तहद म्हणजे 'ता हद्द', हद्दीपर्यंत. तहहयातमधला ताही तोच.

आता सत्तासमतोल. 'वर्ल्ड ऑर्डर'साठी जागतिक व्यवस्था, विश्वव्यवस्था असे जड दगड आपण का उचलतो? राज्याची घडी बसते, संसाराची घडी विस्कटते. हा शब्द घ्या. 1945 साली बसवलेल्या घडीत सुरक्षा परिषदेच्या पाच कायम जागांपैकी आशियाच्या वाट्याला एकच आली, चीनची, आणि तीही 1949पासून 25 ऑक्टोबर 1971पर्यंत बीजिंगकडे नव्हे, तैपेईच्या सरकारकडे होती. 1955 साली बांडुंगला आशिया-आफ्रिकेतले 29 देश जमले ते या घडीवर कुरकुर करायलाच. आज ती सुरकुतलीय, अजून पुरती उलगडलेली नाही. 'घडी बदलतेय' म्हटलं की हे सगळं दिसतं. 'व्यवस्थेचे संक्रमण होत आहे' म्हटल्यावर काहीच दिसत नाही.

काही विश्लेषक भारताच्या धोरणाला, म्हणजे अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियाबरोबर क्वाडमध्येही बसायचं आणि चीन-रशियाबरोबर शांघाय सहकार्य संघटनेतही, द्वैधीभाव म्हणतात. शब्द भारदस्त आहे, वापर चुकीचा. अर्थशास्त्रातल्या षाड्गुण्यातला, म्हणजे परराज्याशी वागण्याच्या सहा धोरणांतला, द्वैधीभाव म्हणजे एकाशी संधी (तह) करून दुसऱ्याशी विग्रह (वैर). दोघांशी हस्तांदोलन करून दोघांपासून हातभर दूर राहणं हे त्यात बसत नाही.

व्हिएतनामचंही तेच. सप्टेंबर 2023मध्ये हनोईत बायडन, डिसेंबरमध्ये शी जिनपिंग, जून 2024मध्ये पुतिन. यजमान एकच, आणि विग्रह कुणाशीच नाही. मूळ घट्ट, खोड भक्कम, फांद्या लवचीक, असं त्यांच्या कम्युनिस्ट पक्षाचे तेव्हाचे सरचिटणीस न्गुयेन फू चाँग यांनी या धोरणाचं वर्णन केलं होतं. बांबूची घडी मात्र घालता येत नाही, घालायला गेलं तर तो फुटतो, त्यामुळे माझ्या उपपत्तीला हनोईची मदत नाही.

हां, तुमचा प्रश्न राहिलाच. मुत्सद्देगिरी म्हणा, ग्रंथात लिहायचं तर राजनय लिहा. आणि त्या लेखकाला कळवा की 'वेळूनीती' लिहिलं तरी चालेल. बांबू हा शब्द मराठीत भलत्याच कामी लागलाय, त्याला कूटनीती जोडली की व्हिएतनामने तिन्ही पाहुण्यांना तो लावून पाठवलं, असाच अर्थ होतो.