एकदाच एनबीए जिंकलेल्या डर्क नोवित्स्कीला एवढा मोठा खेळाडू का मानतात?

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये खेळलेल्या जर्मन डर्क नोवित्स्कीच्या कारकिर्दीतले महत्त्वाचे टप्पे कोणते, आणि २१ वर्षांत एकच विजेतेपद मिळवलेल्या खेळाडूला मायकल जॉर्डन-कोबी ब्रायंटच्या पंगतीत का बसवतात, असं तुम्ही विचारलंय. टप्प्यांची नुसती यादी कुठेही मिळेल. प्रश्नाचा दुसरा भाग खरा अवघड आहे, आणि त्याचं उत्तर मला फ्री थ्रोच्या रेषेवर सापडतं. मी नागपुरात शाळेतल्या मुलींना बास्केटबॉल शिकवते. रोज संध्याकाळची शेवटची वीस मिनिटं आम्ही फक्त फ्री थ्रो, म्हणजे समोरच्याने फाउल केल्यावर मिळणारे एकेका गुणाचे मोकळे शॉट, मारतो. त्यामुळेही असेल, पण डर्क म्हटलं की ट्रॉफीच्या आधी मला ती रेषा आठवते. रिंग १५ फुटांवर, अडवायला कोणी नाही, आणि विचार करायला नको तेवढा वेळ.

१३ जून २००६, मायामी. एनबीएची अंतिम फेरी, तिसरा सामना. डर्कचा संघ डॅलस मॅव्हरिक्स मालिकेत २-० ने पुढे, आणि या सामन्यातही शेवटची साडेसहा मिनिटं उरली असताना १३ गुणांनी पुढे. तिथून मायामीच्या ड्वेन वेडने सामना फिरवला. त्या रात्री त्याने ४२ गुण केले. शेवटचे ३.४ सेकंद उरले तेव्हा डॅलस दोन गुणांनी मागे होतं आणि डर्क रेषेवर उभा होता. त्या मोसमात तो शंभरातले नव्वद फ्री थ्रो टाकत होता. पहिला गेला, दुसरा हुकला. ९८-९६. त्यानंतरचे तिन्ही सामने मायामीने जिंकले आणि डॅलस ४-२ ने हरलं.

त्याच्या कारकिर्दीचा मधला खांब हा हुकलेला फ्री थ्रो आहे असं मी मानते. बाकीचे टप्पे मी त्याच्या अलीकडे-पलीकडे मांडते.

डर्कचा जन्म १९ जून १९७८ चा, जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्ग शहरातला. आई हेल्गा पश्चिम जर्मनीच्या संघातून बास्केटबॉल खेळलेली, वडील हँडबॉलपटू. पोरगा आधी टेनिस आणि हँडबॉलच खेळायचा, पण उंची वाढत वाढत सात फुटांवर गेली. किशोरवयात त्याच्यावर होल्गर गेश्विंडनर या माणसाची नजर पडली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जर्मन संघाचा कर्णधार राहिलेला हा माणूस गणित आणि भौतिकशास्त्र शिकलेला होता. चेंडू हातातून कोणत्या कोनात सुटला की चुकायला सगळ्यात जास्त मोकळीक राहते, हे त्याने आकडेमोड करून काढलं आणि डर्कच्या उंचीला, हातांच्या लांबीला बेतून एक शॉट घडवला. बांबेर्गजवळच्या राटेल्सडॉर्फ गावातल्या साध्या व्यायामशाळेत दोघं तासन् तास घाम गाळत. शिवाय गेश्विंडनरने त्याच्या हातात पुस्तकं दिली, सॅक्सोफोन दिला. त्या काळी सात फुटी पोराला कोणताही प्रशिक्षक रिंगखाली उभा करून रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा परत आलेला चेंडू, घ्यायला सांगे. याने त्याला लांबून नेम धरायला शिकवलं. डर्क कोट्यधीश झाल्यावरही उन्हाळ्यात याच माणसाकडे सरावाला जात राहिला, ही गोष्ट मला त्याच्या कुठल्याही विक्रमापेक्षा मोठी वाटते.

जगाला त्याचं नाव कळलं ते मार्च १९९८ मध्ये. सॅन अँटोनियोला अमेरिकेच्या उगवत्या खेळाडूंविरुद्ध जगभरातल्या मुलांचा सामना होता. जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबकडून खेळणाऱ्या या मुलाने त्यात ३३ गुण आणि १४ रिबाउंड घेतले. जूनमधल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, मिलवॉकीने त्याला नवव्या क्रमांकावर उचललं आणि आधीच ठरल्याप्रमाणे डॅलसला दिलं. बदल्यात डॅलसने सहाव्या क्रमांकावर घेतलेला रॉबर्ट ट्रेलर तिकडे गेला. आज या अदलाबदलीवर लोक हसतात. मला हसवत नाही. ट्रेलर ११ मे २०११ रोजी अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारला, आणि महिन्याभराने डर्क विजेता झाला. कोणाच्या वाट्याला काय येईल हे ड्राफ्टच्या दिवशी दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

पहिला मोसम वाईट गेला. मालक-खेळाडू वादामुळे तो मोसम पन्नास सामन्यांचाच झाला, डर्कची सरासरी ८.२ गुण, बचाव कच्चा, घरची आठवण. त्याच सुमारास संघात आलेला स्टीव्ह नॅश त्याचा जिवाभावाचा मित्र झाला. दुसऱ्या मोसमात सरासरी १७.५, तिसऱ्यात २१.८. २००१ मध्ये डॅलस अकरा वर्षांनी बाद फेरीत पोचलं, आणि तिथून सलग अकरा मोसम या संघाने दरवर्षी पन्नासहून जास्त सामने जिंकले. या अकराही वर्षांत संघात टिकून राहिलेला खेळाडू एकटा डर्क. देशासाठीही तो याच काळात बहरला: २००२ च्या जागतिक स्पर्धेत जर्मनीला कांस्य, २००५ च्या युरोपीय स्पर्धेत रौप्य, आणि दोन्ही ठिकाणी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच. २००६ मध्ये त्याने थ्री-पॉइंटची, म्हणजे लांबून मारायच्या तीन गुणांच्या शॉटची, स्पर्धाही जिंकली. सात फुटी माणसाने ती जिंकावी हे तेव्हा लोकांना नवल वाटलं. आज प्रत्येक संघातला उंच खेळाडू लांबून मारतो, त्या वाटेवर चाललेल्या पहिल्या काही जणांत डर्क होता.

आणि मग तो जूनमधला फ्री थ्रो.

पुढचं वर्ष त्याहून कडू. २००६-०७ मध्ये डॅलसने ६७ सामने जिंकले, फक्त १५ हरले. डर्कने मैदानी शॉटमध्ये पन्नास, थ्री-पॉइंटमध्ये चाळीस आणि फ्री थ्रोमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर राहण्याचा दुर्मीळ पराक्रम केला. पण बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात आठव्या मानांकनाच्या गोल्डन स्टेटने त्यांना ४-२ ने घरी पाठवलं. शेवटच्या सामन्यात डर्कचे १३ पैकी फक्त २ शॉट गेले. गोल्डन स्टेटचा प्रशिक्षक होता डॉन नेल्सन, ज्याने डॅलसमध्ये डर्कला वाढवलं तोच. डर्कचा प्रत्येक कच्चा दुवा त्याला पाठ होता. काही दिवसांनी डर्कला लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा, एमव्हीपीचा पुरस्कार देण्यात आला. हा मान मिळवणारा तो पहिला युरोपीय. पण समारंभातली त्याची छायाचित्रं बघा, चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नाही. नंतर तो गेश्विंडनरबरोबर ऑस्ट्रेलियात भटकायला निघून गेला आणि दाढी वाढवून परतला.

‘ऐन वेळी कच खाणारा’ हा शिक्का त्याच्यावर तेव्हाच बसला. मऊ आहे, युरोपातून आलेला आहे, रिंगखाली धक्काबुक्की झेपत नाही, असं लोक उघड बोलत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याने जर्मनीचा ध्वज वाहिला, लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात दरवर्षी निवड होत राहिली, पण शिक्का काही जाईना. २०१० मध्ये करार संपला तेव्हा दुसऱ्या बलाढ्य संघात जायची वाट मोकळी होती. तो डॅलसमध्येच राहिला, तेही मिळू शकले असते त्यापेक्षा कमी पैशांत. त्याच उन्हाळ्यात लेब्रॉन जेम्स आणि ख्रिस बॉश हे बडे खेळाडू मायामीला वेडच्या जोडीला गेले.

२०११ ची बाद फेरी मी रोज पहाटे उठून पाहिली. डॅलसने आधी पोर्टलंडला हरवलं, मग गतविजेत्या लेकर्सना ४-० ने. १७ मे रोजी ओक्लाहोमाविरुद्धच्या पहिल्या सामन्यात डर्कने ४८ गुण केले. त्यात फ्री थ्रो होते २४ पैकी २४! एकही न चुकवता एका सामन्यात इतके फ्री थ्रो त्याआधी कोणीच टाकले नव्हते. हा आकडा मी मुलींना सांगते तेव्हा त्या आधी विश्वास ठेवत नाहीत. स्वतः रेषेवर उभ्या राहून सलग दहा टाकून बघा म्हटलं की सातव्या-आठव्यालाच त्यांना तो पटतो.

अंतिम फेरीत समोर पुन्हा मायामी, पुन्हा वेड. पहिल्याच सामन्यात डर्कच्या डाव्या मधल्या बोटाचा स्नायूबंध फाटला आणि डॅलस हरलं. दुसऱ्या सामन्यात सात मिनिटं उरली असताना ते १५ गुणांनी मागे होते. २००६ चा तिसरा सामना आठवा; आता नेमकं त्याच्या उलट घडत होतं. डॅलसने तिथून २२-५ अशी मुसंडी मारली, शेवटचे नऊ गुण डर्कचे, आणि जिंकून देणारा लेअप (रिंगजवळ जाऊन टाकलेला शॉट) त्याने त्याच दुखऱ्या डाव्या हाताने टाकला. चौथ्या सामन्यात अंगात ताप होता. तसाच खेळला, २१ गुण केले, डॅलस ८६-८३ ने जिंकलं. अख्ख्या मालिकेत त्याने ४६ पैकी ४५ फ्री थ्रो टाकले.

सहावा सामना आपल्याकडे सोमवारी, १३ जूनला पहाटे साडेपाचला सुरू झाला. अर्ध्या वेळेपर्यंत डर्कचा १२ पैकी एकच शॉट गेला होता. माझ्या पोटात गोळा आला; २००७ सारखंच होणार असं वाटलं. पण त्याचा सहकारी जेसन टेरीने संघ सावरून धरला होता. मोसम सुरू व्हायच्या आधीच दंडावर विजेतेपदाची ट्रॉफी गोंदवून घेतलेला हा गडी त्या दिवशी २७ गुण करून गेला. आणि डर्क मारत राहिला. इथे मला त्याचं सगळ्यात जास्त कौतुक आहे. अकरा शॉट हुकल्यावर बहुतेक खेळाडू पास द्यायला सुरुवात करतात, आपली जबाबदारी हळूच दुसऱ्याकडे सरकवतात. त्याने तेरावा, चौदावा, पंधरावा शॉट त्याच पद्धतीने घेतला. उत्तरार्धात १८ गुण. १०५-९५. शेवटची शिट्टी वाजायच्या आतच तो मैदानाच्या कडेचं गुणलेखकांचं टेबल ओलांडून ड्रेसिंग रूमकडे पळाला, कारण त्याला रडू आवरत नव्हतं. ट्रॉफी घ्यायला त्याला परत बोलावून आणावं लागलं. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू अर्थात तोच.

यानंतरची आठ वर्षं मी भरभर सांगते. त्या काळात संघ पुन्हा अंतिम फेरीच्या जवळपास गेला नाही. २०१४ मध्ये दुसरीकडे जवळजवळ चौपट पैसे मिळत असताना त्याने तीन वर्षांसाठी अडीच कोटी डॉलरवर सही केली, संघाला इतर खेळाडू घेता यावेत म्हणून. २०१५ मध्ये डॅलसने पंजाबातल्या सतनाम सिंगला ५२ व्या क्रमांकावर निवडलं. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. मुख्य लीगमध्ये त्याला खेळायला मिळालं नाही, पण डर्कच्या संघात आपल्या मुलाचं नाव पुकारलं गेलं त्या दिवशी आमच्या मैदानावर पेढे वाटले होते. ७ मार्च २०१७ रोजी लेकर्सविरुद्ध डर्कने ३०,००० गुणांचा टप्पा गाठला. अमेरिकेबाहेर जन्मलेला असा तो पहिलाच. तो गुण आला त्याच्या ठेवणीतल्या शॉटवर, मागे झुकत. एका पायावरचा शॉट तर अख्ख्या लीगने त्याच्याकडून उचलला: डाव्या पायावर उडायचं, उजवा गुडघा वर, शरीर मागे. वर आलेला गुडघा अडवणाऱ्याला जवळ येऊ देत नाही आणि सात फुटांचा माणूस मागे झुकल्यावर चेंडूपर्यंत हात पोचत नाही. माझ्या मुली रोज त्याची नक्कल करतात. मी ओरडते, कारण त्यांचे पाय अजून तेवढे पक्के नाहीत.

एप्रिल २०१९ मध्ये घरच्या शेवटच्या सामन्यात तो ३० गुण करून गेला, आणि दुसऱ्या रात्री सॅन अँटोनियोत, एकवीस वर्षांपूर्वी जगाने त्याला पहिल्यांदा पाहिलं त्याच शहरात, कारकीर्द संपली. एकूण ३१,५६० गुण, २१ मोसम, एकच संघ. एका संघाकडून इतके मोसम त्याआधी कोणीच खेळलं नव्हतं. त्याची ४१ क्रमांकाची जर्सी जानेवारी २०२२ मध्ये निवृत्त झाली, म्हणजे संघात तो क्रमांक आता कोणाला मिळणार नाही, त्याच वर्षीच्या नाताळला मैदानाबाहेर एका पायावरच्या शॉटचा पुतळा उभा राहिला. ऑगस्ट २०२३ मध्ये बास्केटबॉलमधल्या थोरांचा मान असलेल्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा प्रवेश झाला तेव्हा त्याच तुकडीत ड्वेन वेडही होता. महिन्याभरात जर्मनीने पहिल्यांदाच विश्वचषक जिंकला. डर्कला बघत वाढलेली पिढी त्या संघात होती.

एनबीएची विजेतेपदंच मोजायची तर रॉबर्ट हॉरी या खेळाडूकडे सात आहेत आणि डर्कहून मोठा खेळाडू त्याला कोणी म्हणत नाही. माझं मोजमाप वेगळं आहे. २००६ मध्ये हुकलेल्या त्या एका फ्री थ्रोनंतर डर्कने संघ बदलला नाही, गेश्विंडनरला सोडलं नाही, शॉटही बदलला नाही. तोच शॉट घेऊन पाच वर्षांनी तो त्याच मायामीत परत गेला.

सामने बघायला सुरुवात करणार असाल तर आधी २००६ च्या अंतिम फेरीतला तिसरा बघा, मग १७ मे २०११ चा, आणि शेवटी २०११ चा सहावा. त्या सहाव्यातला पहिला अर्धा गाळून पुढे जाऊ नका. तो एकेक हुकलेला शॉट बघा, आणि प्रत्येक वेळी त्याचा हात सुटतो कसा, तेही बघा.