फक्त गोव्यातच दिसतात असे पक्षी कोणते? किनाऱ्याजवळ राहून ते बघता येतील का, आणि त्यांच्या जागा टिकून आहेत का?

फक्त गोव्यात आणि जगात दुसरीकडे कुठेच नाही असा एकही पक्षी नाही हो. राज्यच केवढं, ३,७०२ चौरस किलोमीटर. पण पश्चिम घाट सोडून जगात कुठेच सापडत नाहीत असे पक्षी आमच्याकडे बरेच आहेत आणि मला वाटतं तुम्हाला तेच विचारायचंय. ते बघायचे तर कळंगुट-बागाकडे पाठ करून गाडी पूर्वेला काढायची. किनाऱ्याच्या जवळही एक मजेशीर पक्षी आहे, त्याच्यावर येतो.

मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला, म्हणून माझा आवडता आधी सांगतो: मलबारी राखी धनेश. मोठ्या धनेशासारखं चोचीवर शिंगबिंग काही नाही, रंगही साधाच, पण आवाज असा की झाडावर बसून कोणीतरी खदाखदा हसतंय. तांबडी सुर्लाच्या महादेवाच्या देवळाजवळ सकाळी लवकर गेलात तर दिसायच्या आधी ऐकूच येईल. मग निळ्या पंखांचा मलबारी पोपट, छोट्या तांबटांमधला मलबारी तांबट, आणि गोव्याचा राज्यपक्षी असलेला पिवळा बुलबुल, काळं डोकं, लालभडक गळा आणि पांढुरका डोळा, एकदा बघितला की विसरत नाही. किरमिजी पाठीचा छोटा सूर्यपक्षी तर कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, फुलांवर सहज येतो. राखी डोक्याचा बुलबुल आणि पांढऱ्या पोटाचा टकाचोर हे दोघं खास, कारण ते केरळापासून वर येत येत साधारण आमच्याच आसपास थांबतात, म्हणजे महाराष्ट्रातल्या पक्षीवाल्यांना त्यांच्यासाठी इथेच यावं लागतं 😄 (श्रीलंकन बेडूकमुख्या आणि मलबारी कर्णा यांचे फोटो लोक गोव्याचे म्हणून टाकतात, भारी पक्षी आहेत, पण ते श्रीलंकेतही आहेत, त्यामुळे या यादीत नाहीत.)

आता जागा टिकल्यात का. कागदावर बघाल तर गोव्याची स्थिती चांगलीच आहे. मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला आणि चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य मिळून राज्याचा साधारण पाचवा भाग संरक्षित आहे. मोल्यातून रेल्वेचा दुसरा ट्रॅक न्यायला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये रद्द केली, त्यामागे इथल्या साध्या लोकांनी केलेली मोठी चळवळ होती.

पण नुसतं हिरवं दिसतंय म्हणजे पक्ष्याला चालतंय असं नसतं. धनेशाचंच घ्या. त्याला स्वतःला ढोली कोरता येत नाही, जुन्या जाड झाडाला आपसूक पडलेली ढोलीच लागते, मादी आत जाऊन ढोलीचं तोंड लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते आणि नर कित्येक आठवडे त्या फटीतून उंबर, रानजायफळ, किडे असं काहीबाही भरवत राहतो. हे सगळं ऐन उन्हाळ्यात. मार्च २०२३ मध्ये म्हादईत आगी लागल्या तो नेमका हाच काळ. म्हणून कोणी 'एक झाड तोडलं तर दहा लावू' म्हणालं की माझं डोकंच फिरतं, अरे बाबा त्या दहा रोपांना ढोली पडायला किती पिढ्या जातील? आणि लावणार काय, तर अकेशिया! त्यात ना फळ ना ढोली. काजूची बागायत त्यापेक्षा बरी, पण जंगलाची जागा तीही घेऊ शकत नाही. हा धनेश आता आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत असुरक्षित गटात आहे.

माझ्या मते देवरायांकडे जास्त लक्ष द्यायला हवं. बांबरच्या निरंकाराच्या रायीत रानजायफळाची दलदल अजून शाबूत आहे, देवाच्या धाकाने कोणी फांदी तोडली नाही म्हणून. अशा राया छोट्या असतात, पण जुनी झाडं तिथेच उरतात.

आता किनाऱ्याजवळचा तो पक्षी. मलबारी चंडोल, डोक्यावर तुरा, रंग मातीचा, भारताबाहेर मिळत नाही आणि इथे सड्यावर राहतो. सडा म्हणजे ते जांभ्या दगडाचं उघडं पठार, उन्हाळ्यात करपलेलं आणि पावसाळ्यात फुलांनी भरलेलं. झाड नाही म्हणून लोक त्याला ओसाड समजतात, मग तिथे चिरेखाण, प्लॉट, प्रोजेक्ट. मोपाच्या पठारावर विमानतळ झाला, जानेवारी २०२३ पासून विमानं उडतात, त्याची गरज होती की नाही हा वाद वेगळा, पण गेलं ते पठारच. झाड तोडलं की निदान आरडाओरडा होतो, सडा गेला तर कोणाला कळतही नाही. काही लोक तर पुण्य म्हणून सड्यावर झाडं लावायला जातात, चंडोलाला तेही नकोच, त्याला मोकळी जागा लागते.

बीचवर राहणार असाल तर एक सकाळ चोडणला द्या, रायबंदरहून फेरी आहे. तिथे खारफुटीत कॉलर्ड किंगफिशर दिसू शकतो, एंडेमिक, म्हणजे फक्त इथलाच, नाही पण सुंदर आहे. घाटातल्या पक्ष्यांसाठी मोले किंवा बोंडल्याजवळ एक रात्र तरी मुक्काम करा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवू नका, आणि कोणी गाइड धनेशाची ढोली जवळून दाखवतो म्हणाला तर नको म्हणा, माणसं खाली उभी राहिली की नर चारा घेऊन यायला बिचकतो आणि आत मादी उपाशी. सड्यावर गाडी कडेलाच लावून चालत जा, चंडोल घरटं जमिनीवरच करतो, गवताच्या बुंध्याशी.