पाचगावात प्लॉट घेताना महापालिकेचे बांधकाम धोरण लागू होते का? हद्दवाढीच्या भरवशावर व्यवहार करावा का?

आपण कोल्हापूरलगतच्या पाचगावातील एक प्लॉट आणि पर्याय म्हणून शहरातील रमणमळ्याजवळचा एक फ्लॅट पाहिला आहे, आणि ‘हद्दवाढ झाली की सगळे नियमित होईल’ या एजंटच्या बोलण्यावर किती विसंबावे, असे विचारले आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: त्यावर अजिबात विसंबू नये. नकाशे मंजूर करून घेण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोल्हापूरची महापालिका १९७२ मध्ये झाली. त्यानंतर पाच दशके शहर चहूबाजूंनी वाढत गेले, पण हद्द ६६.८२ चौरस किलोमीटरवरच अडून राहिली, कारण लगतच्या गावांचा हद्दवाढीला विरोध होता आणि त्यामागे शेती व घरपट्टीविषयीची रास्त भीतीही होती. यातून मार्ग म्हणून शासनाने २०१७ मध्ये ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन केले. पाचगाव त्यात येत असल्याने आपल्या प्लॉटवरील बांधकामाचा नकाशा प्राधिकरणाकडे जाईल, महापालिकेकडे नव्हे. पाणी, कचरा आणि दिवाबत्ती मात्र ग्रामपंचायतीकडेच आहे. नव्या वसाहतींमधील निम्म्या तक्रारींचे मूळ मला याच व्यवस्थेत दिसते. परवाना देणाऱ्याला गटार बांधायचे नसते आणि गटार बांधणाऱ्याला परवाना देताना कोणी विचारलेले नसते.

नियम मात्र दोन्हीकडे बहुतांशी सारखेच आहेत, कारण डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला एकच विकास नियंत्रण नियमावली (युनिफाइड डीसीपीआर) लागू आहे. त्यानुसार समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल, तर साधारणपणे मूळ एफएसआयवरच (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात मिळणाऱ्या बांधकामावरच) समाधान मानावे लागते. प्रीमियम एफएसआय (शुल्क भरून मिळणारे जादा बांधकाम) किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेवरून हस्तांतरित केलेला बांधकामाचा हक्क) मिळत नाही. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये (जमिनीचे प्लॉट पाडण्याच्या आराखड्यात) १० टक्के खुली जागा सोडणेही बंधनकारक आहे. म्हणून एजंटचा रंगीत ब्रोशर बाजूला ठेवून मंजूर ले-आउटची प्रत मागावी. तिच्यावर मंजुरीचा शिक्का, आदेशाचा क्रमांक व दिनांक आहे का, रस्त्याची रुंदी किती दाखवली आहे आणि खुल्या जागेवर कोणी कोपऱ्याचा प्लॉट तर पाडलेला नाही ना, हे जागेवर उभे राहून ताडून पाहावे. त्याच रि.स.नं.चा (रिव्हिजन सर्व्हे नंबरचा) झोन दाखला, म्हणजे जमीन कोणत्या वापराच्या विभागात येते याचा दाखला, आणि विकास आराखड्याचा भाग नकाशाही काढावा. शेती विभागातील जमीन किंवा आरक्षणाखालील पट्टा सातबाऱ्यावरून कळेलच असे नाही.

मंजूर ले-आउट नसेल आणि सातबाऱ्यावर दहा-बारा जणांची सामाईक नावे असतील, तर तो गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीविना जमिनीचे छोटे तुकडे पाडून विकण्याचा प्रकार समजावा. गुंठेवारी कायदा २००१ चा आहे आणि त्यातील नियमितीकरणाची मुदत नंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवण्यात आली. त्यानंतर पाडलेल्या तुकड्यांना त्या कायद्याचा आधार नाही. उद्या हद्दवाढ झाली, तरी परवानगी देणारे कार्यालय तेवढे बदलेल. विनापरवाना तुकडा त्यामुळे आपोआप मंजूर होत नाही. घरपट्टीची पावती किंवा विजेचे बिल म्हणजे बांधकाम परवाना नव्हे, हेही लक्षात ठेवावे, कारण एजंट नेमकी तीच कागदपत्रे आधी पुढे करतात.

रमणमळ्याचा प्रश्न वेगळा आहे. तिथे महापालिकेचा नगररचना विभाग परवानगी देतो, पण २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या माणसाने पंचगंगेच्या पूररेषांचा नकाशा पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. या नकाशात निळी रेषा नेहमीच्या पुराची आणि लाल रेषा क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची मर्यादा दाखवते. नदी ते निळी रेषा हा पट्टा निषिद्ध आहे. तिथे उद्यान, वाहनतळ अशा मोकळ्या वापरांपलीकडे फारसे काही करता येत नाही. निळ्या व लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात बांधकाम होऊ शकते, मात्र ते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच असावे लागते. इमारत नियमात बसली, तरी तिच्याकडे जाणारा रस्ता पाण्याखाली जाणार नाही, याची हमी परवान्यात नसते. त्यामुळे मी शेजारच्या जुन्या रहिवाशांना पाणी कुठवर आले होते, हे आवर्जून विचारतो.

फ्लॅट तयार असेल, तर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत मंजुरीप्रमाणे पूर्ण होऊन वापरास योग्य असल्याचा दाखला) आणि मंजूर नकाशा एकत्र पाहावेत. पार्किंगच्या जागी गाळे काढलेले दिसले किंवा प्रमाणपत्र ‘प्रक्रियेत आहे’ असे उत्तर मिळाले, तर दर कितीही कमी सांगितला तरी ते हातात येईपर्यंत खरेदीखत करू नये.