अंटार्क्टिकातल्या आपल्या भारतीय संशोधन केंद्रावर, मैत्रीवर, पहिल्यांदा निघालास? हे वाच

थंडीची तयारी सगळेच करतात, तू वाऱ्याची कर. मैत्री आहे शिर्माकर ओअॅसिसवर, उघड्या खडकाच्या चिंचोळ्या पट्ट्यावर. दक्षिणेला बर्फाचं पठार. त्यावरची गार, जड हवा उतारावरून खाली घरंगळत येते, आणि उणे 20 सुद्धा मग कितीतरी बोचरं वाटतं. एकदा नट बसेना म्हणून मी हातमोजा काढला. बोट पान्याला चिकटलं, सोडवताना कातडी निघाली. आतला पातळ मोजा कधीही काढू नकोस.

हिमवादळात जमीन आणि आभाळ एकच होतं, पुढचा माणूसही दिसत नाही. दोन इमारतींमधला दोर धरूनच चालायचं, अंतर कितीही थोडं असो. बर्फावर ताजी भुरभुर असेल तर खाली भेग असू शकते. काठीने चाचपल्याशिवाय पाय टाकायचा नाही.

जून येतो तेव्हा सूर्य उगवतच नाही. झोप बिघडते, माणसं चिडचिडी होतात. जेवणाच्या वेळा मोड नकोस, आणि भूक नसली तरी सगळ्यांबरोबर बस. हे मी फार कळकळीने सांगतोय.

पेंग्विनच्या आशेने जाऊ नकोस, समुद्र तिथून सुमारे 100 किलोमीटर लांब. तुझा सोबती स्कुआ पक्षी. उन्हाळ्यात तो खडकातच अंडी घालतो. घरट्याजवळ गेलास तर थेट डोक्यावर झेपावेल. काठी डोक्याच्या वर उभी धर, तो सर्वात उंच टोकावर येतो, आणि गुपचूप मागे फीर. खायला मात्र काही टाकू नकोस, तिथल्या नियमात ते बसत नाही.