दुसऱ्याच्या फंक्शनवर लिहिलेलं फंक्शन बायोडेटात चालेल का?

प्रश्न: मी रत्नागिरीत मत्स्यविज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मिरकरवाडा बंदरावरच्या मासळीच्या रोजच्या नोंदींवर 'आर' या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेत प्रोजेक्ट करतेय. काही रकाने रिकामे असल्याने 'मीन' हे सरासरी काढणारं फंक्शन दर वेळी 'एनए' (माहिती नाही) दाखवतं. म्हणून रिकाम्या नोंदी गाळायला सांगणारं 'एनए.आरएम' आपोआप 'ट्रू' राहील असं छोटं फंक्शन लिहिलं; कोड जोडलाय. मित्र म्हणतो, हे काही खरं प्रोग्रॅमिंग नव्हे. बायोडेटात लिहू का? की शिक्षण सोडून पुण्याला डेटा सायन्सचा कोर्स करू?

उत्तर: अगं, जरूर लिही. फाइल वाचणारं 'रीड.सीएसव्ही' तू रोज वापरतेस ना? तेही आत 'रीड.टेबल'लाच बोलावतं, फक्त हेडर, सेपरेटर असे काही डिफॉल्ट (काही न सांगितल्यास धरल्या जाणाऱ्या किमती) बदलून.

मात्र 'एनए.आरएम' तू आतल्या ओळीत पक्कं करून टाकलंयस. कुणी बाहेरून 'फॉल्स' दिलं की एकाच आर्ग्युमेंटला (फंक्शनला बाहेरून द्यायच्या माहितीला) दोन किमती मिळतात आणि एरर येते. ते फंक्शनच्या कंसात डिफॉल्ट म्हणून लिही, तिथून आत पाठव. बाकीची आर्ग्युमेंट्स तीन टिंबांतून ('...') जाऊ देत. आणि नाव 'मीन' ठेवू नकोस, वाचणारा फसतो.

खरा विचार पुढेच आहे. 1 जून ते 31 जुलै या पावसाळी मासेमारी बंदीत ट्रॉलर बंदरात उभे असतात, तेव्हाचे रकाने रिकामे. ऑक्टोबरात नोंद घेणारा आला नाही, तोही रकाना रिकामाच. तुझं फंक्शन दोन्ही मुकाट्याने गाळतं. मासेमारीच्या दिवसांची सरासरी हवी असेल तर बंदीचे 61 दिवस गाळणं बरोबर. पण वर्षभराची रोजची सरासरी म्हणून तोच आकडा दिलास तर तो फुगलेला असेल. किती नोंदी गाळल्या, हे फंक्शनने मेसेज देऊन सांगायलाच हवं. मी मुलाखत घेणारा असतो तर नेमकं हेच विचारलं असतं.

पुण्याचा कोर्स आत्ता नको, आणि पदवी तर मुळीच सोडू नकोस. 'आर' फुकट आहे, रत्नागिरीत बसून शिकता येतं. बंदीच्या दिवसांचा रकाना रिकामा का, हे तुला कुणी समजावून द्यावं लागत नाही; नुसता कोर्स केलेल्याला ते सुचणारही नाही. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था देशभरच्या सागरी मासळीची आकडेवारी गोळा करते. अशा कामाला मासळी आणि संख्याशास्त्र दोन्ही कळणारी माणसं लागतात. पदवीनंतर एम.एफ.एस्सी.साठी, म्हणजे मत्स्यविज्ञानाच्या पदव्युत्तर पदवीसाठी, आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) प्रवेश परीक्षा दे.

बायोडेटात एवढंच लिही: 'बंदरावरील मासळी नोंदींसाठी आर फंक्शन, गाळलेल्या नोंदींची संख्या दाखवते.' खाली कोडची लिंक दे.